उज्ज्वला, तुझ्या तीन चादरी

उज्ज्वला,

तू गेलीस त्याला आज पाच आठवडे झाले. वरच्या खोलीत तुझी आई तुझ्या मुलीला पायांवर घेऊन आंघोळ घालते आहे. पाणी माझ्या भिंतीमागच्या पाइपातून खाली येतंय, त्याचा आवाज ऐकत मी चहाचा कप धरून बसले आहे. चहा कधीच गार झाला. असा गार झालेला दिसला की तू म्हणायचीस, "ताई, ह्यो चहा हाय का सरबत?" आणि माझ्या हातातून कप काढून घेऊन गॅसवर ठेवायचीस. आता तो मीच उठून ठेवायला हवा, आणि मला उठावंसं वाटत नाही.

तुमची कोण होती, असं लोक विचारतात. मी सांगते, भाडेकरू. दुसरं काय सांगणार? बहीण म्हणावं तर तू माझ्या निम्म्या वयाची. मुलगी म्हणावं तर तुला आई आहे, आणि ती वरच आहे. रडायलासुद्धा नातं लागतं गं. तुझ्या दहाव्याला बायका तुझ्या आईच्या गळ्यात पडत होत्या, पुरुष तुझ्या नवऱ्याच्या, बालाजीच्या पाठीवर हात ठेवत होते, आणि मी पाण्याचे ग्लास वाटत होते. माझा नवरा गेला तेव्हा निदान माझ्याकडे लोक आले होते. या वेळी मी त्यांना पाणी देत होते.

तीन वर्षांपूर्वी तू आणि बालाजी परभणीकडून इथे मोशीत आलात. आमच्या शेतात सासऱ्यांनी खोल्या बांधल्या होत्या. यजमान गेल्यावर त्यातलं खालचं घर आणि वरची एक खोली माझ्या वाट्याला आली. बालाजी चाकणला एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागला, तू महाळुंग्याच्या कंपनीत. पहिल्या महिन्यात आपण फक्त पाण्याच्या मोटरीबद्दल बोलायचो. मग एकदा तू बादली मागायला आलीस, तेव्हा मी ओट्याशी उभी राहून कढईतूनच भात खात होते. हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून आल्यावर मी रोज तशीच जेवायचे. एकट्या माणसासाठी ताट कोण वाढून घेतं? तू दारातच थांबलीस. "अगं माय! ताई, तुमी उभ्यानं जेवायल्या? असं तर आमची म्हैस जेवती." मग आत येऊन ताट घेतलंस, मला खाली बसवलंस आणि वाढलंस. दुसऱ्या दिवसापासून 'तुमी'चं 'तू' झालं. मला विचारलंसुद्धा नाहीस.

तुझं काम फायनल इन्स्पेक्शनचं. गाडीच्या वायरींचे गुच्छ पॅक होण्याआधी शेवटचे तुझ्या टेबलावर यायचे. तो डोळा तू घरीही घेऊन यायचीस. माझी भाकरी उजेडाला धरून म्हणायचीस, "कड फाटली. रिजेक्ट." आणि तीच भाकरी आधी खायचीस. बावीस वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून काढली, तिथली इन्चार्ज झाले, पोरी मला बघून सरळ उभ्या राहतात. माझी भाकरी नापास करायची हिंमत फक्त तुझी. मी चिडल्याचं नाटक करायचे. चिडायला कुणीतरी मिळालं होतं, याचंच मला केवढं सुख होतं, ते तुला कधी सांगितलं नाही.

जे तुला सांगायला मी हे लिहायला बसले, ते आता सांगते.

तू कशानं गेलीस, असं विचारलं तर इथे कुणीही सांगेल: ट्रॅफिकनं. बालाजी तेच सांगतो. माझे दीर तेच सांगतात. कंपनीतल्या मुलींनी तुझा फोटो टाकून त्याखाली रस्त्याबद्दल लिहिलं, आणि शेकडो लोकांनी हात जोडले. ते अगदी पटण्यासारखं आहे. दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळी मोशीच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस, कंटेनर आणि दुचाक्या कशा अडकतात ते इथल्या लहान पोराला माहीत आहे. अँब्युलन्स त्यात अडकली हे खरं आहे, मी आतच होते. रस्त्याला मी निर्दोष म्हणणार नाही. पण रस्त्यानं तुझी चाळीस मिनिटं घेतली. त्याआधीचे अडीच तास तू माझ्याकडे होतीस.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा तुमच्याकडचा रिवाज आणि आमच्याकडचाही. सातव्या महिन्यात तुझी आई तुला न्यायला आली होती, पिशवीत हिरवी साडी घेऊन. मीच आडवी आले. आम्ही दोघी जवळपास एका वयाच्या. ती मला सिस्टरबाई म्हणते, मी तिला सुमनताई. मी तिला म्हटलं, "सुमनताई, तुमच्या गावाहून तालुक्याला पोचायला किती वेळ लागतो? इथं मी आहे. हिच्या केसाला धक्का लागू देणार नाही." ती बराच वेळ तुझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या भरवशावर ठिवते, सिस्टरबाई." आणि एकटीच बसनं परत गेली. तुला आनंद झाला होता, मला तर फारच. बाळंतपण हॉस्पिटलातच व्हावं हे मी आजही सांगेन. पण हॉस्पिटलच्या दारातून आत आली म्हणजे बाई वाचली, असं आपण सगळे धरून चालतो, आणि मीही तसंच धरून चालले होते. आतमध्येही कुणीतरी बघावं लागतं.

तुझं हिमोग्लोबिन तेव्हा साडेआठ होतं. लोहाच्या गोळ्या तू घेत नव्हतीस. बिस्किटांच्या डब्याखाली लपवलेल्या त्या पट्ट्या मला सापडल्या, तेव्हा मी तुला इतकं बोलले की शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. तू म्हणालीस, "मळमळतंय ताई. लायनीवरून उठायचं तर बदली बाई लागती, ती मिळत न्हाई." मग गोळ्या सुरू केल्यास, पण उशीर झाला होता. सलाइनमधून लोह देता येतं. मी एकदा डॉक्टर मॅडमना म्हटलं, त्या म्हणाल्या बघू, आणि मी पुन्हा विचारलं नाही. नवव्या महिन्यात नऊच्या थोडं वर गेलं. मी म्हटलं, चालतंय. जिच्या अंगात रक्त कमी, तिचं थोडं गेलं तरी पुष्कळ गेलं, हे मी दर वर्षी नव्या पोरींना शिकवते. तुझ्या बाबतीत म्हटलं, चालतंय.

आणि ते भांडण. तू विसरली नसशील. गच्चीवर आपण मेथी निवडत होतो, तुझं पोट एवढं पुढं आलेलं की जुडी त्यावरच ठेवून निवडत होतीस. मी हॉस्पिटलातलं काहीतरी सांगत होते. तू मध्येच विचारलंस, "ताई, बाळंतपणात रक्त किती गेलं ते कसं कळतंय?"

"अंदाजानं," मी म्हटलं.

"अंदाजानं?" तू हसायला लागलीस. "आमच्यात अंदाज म्हनलं की सुपरवायझर डोळे वटारतोय. रिजेक्ट पीससुद्धा फेकू देत न्हाईत. लाल बिनमधी ठिवायचे, शिफ्ट संपली की मोजायचे, मग जे काय करायचं ते."

मला राग आला. खराखुरा. "बाई गं, माणूस म्हणजे वायरचं बंडल नाही. बावीस वर्षं बघतेय मी. डोळ्याला सवय होते."

"डोळाच तर आधी थकतोय, ताई. मनून तर मापायला गेज देतेत हातात."

मी काहीतरी तोडून बोलणार होते. तेवढ्यात खाली तुझ्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तू जिना उतरून गेलीस, आणि भांडण तिथंच राहिलं. दोन दिवस मी जरा तुटकच वागले तुझ्याशी. तुला वाटलं माझा गुडघा दुखतोय. तू तेल गरम करून आणलंस.

त्या गुरुवारी पहाटे तुला कळा सुरू झाल्या. तुझी आई आठवडाभर आधीच गावाहून परत आली होती. सगळं सरळ चाललं होतं. पावणेबाराला मुलगी झाली. मीच ओरडले, "मुलगी गं, मुलगी!" आणि तू घामानं भिजलेल्या तोंडानं विचारलंस, "पास का रिजेक्ट?" आख्खी लेबर रूम हसली.

आता आमच्या वॉर्डातली एक पद्धत सांगते. ती माझी आहे, मीच घालून दिलेली. नातेवाईक आत येण्याआधी पलंगावर, फरशीवर, कपड्यांवर रक्ताचा ठिपका दिसता कामा नये. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बाळंतिणीच्या भावानं रक्तानं भरलेली बादली पाहिली आणि बाहेर जाऊन काउंटरची काच फोडली. ती बाई ठणठणीत होती, पण आमच्या एका पोरीच्या कपाळाला टाके पडले. तेव्हापासून मी सगळ्यांना शिकवलं: भिजलं की बदला, बदललं की लगेच पिशवीत, पिशवी लगेच खाली लाँड्रीला. आमच्या हॉस्पिटलच्या पांढऱ्या चादरींचं नाव होतं. लोक दुसऱ्या बाळंतपणाला मुद्दाम आमच्याकडे यायचे. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

पहिली चादर मी बदलली, सव्वाबाराला, तुझी आई आत येण्याआधी. थोडी जास्त भिजली होती. डोळ्याला वाटलं, ठीक आहे. तुझे केस विंचरले, नवा गाऊन घातला, बाळ कुशीत दिलं. तुझी आई आणि बालाजी आत आले तेव्हा तू इतकी छान दिसत होतीस की मी दारात थांबून बघत राहिले. स्वतःचं मूल नसलेल्या बाईला असा दिवस मिळत नाही. मला तो तू दिलास.

दुसरी चादर मावशीनं बदलली. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातली आया. मॅडम सिझेरियनला ऑपरेशन थिएटरात होत्या, मी दुसऱ्या एका बाईपाशी होते. मावशीला तू म्हणालीस ओलं लागतंय, तिनं बदलली, पिशवीत टाकली, पिशवी खाली गेली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असतं असं मी तिला कधी शिकवलंच नव्हतं.

दोनला माझी ड्यूटी संपली. पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला पेशंट सोपवताना आम्ही एकेकीची माहिती देतो. तुझी नाडी एकशे बारा होती. रक्तदाब चांगला होता. मी मनात म्हटलं, पहाटेपासून जागी आहे, आनंदात आहे, धावणारच नाडी. केसपेपरवर माझ्या अक्षरात लिहिलंय: रक्तस्राव नॉर्मल. तरण्या बाईचं अंग फार वेळ तग धरतं, रक्तदाब शेवटपर्यंत टिकतो, आधी नाडीच बोलते. हेसुद्धा मी शिकवते.

साडी बदलून, पर्स खांद्याला लावून मी तुझ्यापाशी आले. म्हटलं, घरी जाऊन तुझ्यासाठी मऊ भात आणते. तू लाजून, अगदी हळू म्हणालीस, "ताई, खाली परत ओलं लागायलंय. किती येळा बदलायला लावायले मी तुमा लोकाला." तुला वाटत होतं तू आमचं काम वाढवते आहेस. रक्त जात होतं आणि तू माफी मागत होतीस.

मी म्हटलं, लाजतेस काय, आणि चादर ओढली. ती हाताला जड लागली. भिजवलेल्या गोधडीसारखी जड. तेव्हा मी तुझा हात धरला, तो गार होता.

पुढचं भराभर झालं. गर्भाशय घट्ट व्हायला हवं होतं ते मऊ पडलं होतं. आम्ही पोटावरून चोळलं, इंजेक्शनं दिली, दोन्ही हातांना सलाइन लावलं, मॅडम थिएटरातून तशाच पळत आल्या. आमच्याकडे रक्ताचा साठा नाही. मॅडमनी मोठ्या हॉस्पिटलला फोन केला, अँब्युलन्स निघाली, मी तुझ्या पोटावर मूठ दाबून शेजारी बसले. बाहेर हॉर्नचा नुसता कल्लोळ. तू विचारलंस, "बाळानं दूध घेतलं का?" मी म्हटलं, "पोटभर." घेतलं नव्हतं, नुसते ओठ लावले होते. तू डोळे मिटलेस. मी तुला हाका मारत राहिले, गालावर मारत राहिले, मूठ काढली नाही. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझं मनगट धरून ती काढली.

त्यानंतर घरी आले तर माझ्या ओट्यावर तुझं ताट होतं. सकाळी गडबडीत पोहे खाऊन तसंच ठेवलेलं. मी ते धुतलं आणि मग मला कळेना की ते वर नेऊन ठेवायचं की माझ्या रॅकवर. अजून ते ओट्यावरच आहे. मी परत उभ्यानं जेवायला लागले आहे, उज्ज्वला. रागावू नकोस. खाली बसलं की समोर कुणीतरी हवं असतं.

तिसऱ्या आठवड्यात चौकशी समिती आली. हॉस्पिटलात बाळंतीण दगावली की ती यावीच लागते. आदल्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या वाईट नाहीत. त्यांचेही डोळे सुजले होते. "सिस्टर, खोटं बोलू नका," त्या म्हणाल्या, "पण विचारतील तेवढंच सांगा. ट्रॅफिकचा मुद्दा आहेच." घरी दीर वाट बघत बसले होते. त्यांच्या कानावर कसं गेलं देव जाणे. "वैनी, समद्या गावाला ठावं हाय, पोरगी ट्रॅफिकनं गेली. तुमी कशापायी अंगावर घेता? उद्या पोरं येत्याल काचा फोडाया. नोकरी जाईल ती येगळीच." मी म्हटलं, बघते. खरं सांगू? रात्रभर मी ट्रॅफिकच्याच बाजूनं होते. ते किती सोपं होतं! सगळ्यांनी आधीच माफ केलेलं, मला तोंडही उघडावं लागलं नसतं.

समितीतल्या वयस्कर डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की आम्ही शिक्षा द्यायला आलो नाही, पुढची बाई वाचवायला आलो आहोत. मग केसपेपर उघडला आणि माझं अक्षर वाचलं. "रक्तस्राव नॉर्मल. म्हणजे किती?" मी सांगू शकत होते, नेहमीइतका. तेवढंच विचारलं होतं. पण मला गच्चीवरची तू दिसलीस, पोटावर मेथीची जुडी ठेवून हसणारी, आणि माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, तीन चादरी."

मग सगळंच सांगितलं. भिजलं की बदला, बदललं की खाली, ही माझी पद्धत. प्रत्येक चादर वेगळ्या वेळी उचलली, सगळ्या एकाच हातांनी नाही. कुणी एकीनंही त्या तिन्ही एकत्र पाहिल्या नाहीत. मावशी दाराशी उभी होती, ती हुंदके देत म्हणाली, "दुसरी म्या बदलली व्हती. मला न्हवतं ठावं वो, की हे सांगायचं असतं." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "रक्त दिसू नये म्हणून तुम्ही जे करता, त्यानं ते तुम्हालाही दिसत नाही." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी नोकरी अजून आहे. इन्चार्जपद मीच सोडलं. आणि आता वॉर्डात काय चालतं ते ऐक, तुझ्या सुपरवायझरलाही पसंत पडेल. बाळ बाहेर आलं की बाईच्या खाली प्लॅस्टिकची खोलगट पिशवी लावतो, तिच्यावर मापाच्या रेघा आहेत. एकही चादर, एकही कापूस वजन केल्याशिवाय खाली जात नाही. कोरी चादर किती भरते ते भिंतीवर लिहिलंय, ते वजा करायचं. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, आणि ती नाडी ज्या सिस्टरनं बघितली तिची सही. आकडा ठरलेल्या रेघेवर गेला की मावशीनंसुद्धा ओरडायचं, कुणाची परवानगी नको. नातेवाईक थांबतील. रक्त कमी असलेल्या बाईचं नाव फळ्यावर लाल खडूनं, आणि तिच्यासाठी रक्ताची सोय कळा सुरू होण्याआधी. गेल्या आठवड्यात एका ओडिशाच्या मुलीची पिशवी रेघेवर गेली, मावशी किंचाळली, आणि वीस मिनिटांत सगळं आटोक्यात आलं. ती मुलगी चौथ्या दिवशी चालत घरी गेली. तिच्या नवऱ्यानं पेढे दिले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला आनंद व्हायला हवा होता ना गं? मला फक्त एवढंच वाटलं की हे इतकं सोपं होतं.

समितीला सांगितलं, पण वरच्या खोलीत सांगितलं नव्हतं. पाच आठवडे मी तुझ्या मुलीचं रडणं छतातून ऐकत होते आणि दूध, लंगोट, वेखंडाची पुडी, काहीतरी निमित्त घेऊन दारापर्यंत जात होते. तुझी आई बाळाला दीड महिन्याची लस देऊन पुढच्या रविवारी गावी नेणार. म्हणजे ट्रॅफिकची गोष्टही तिच्यासोबत परभणीला जाणार, तुझी मुलगी तीच ऐकत मोठी होणार, आणि एक दिवस तिचं बाळंतपणही कुणीतरी डोळ्याच्या अंदाजावर करणार. काल बालाजीला सुट्टी होती. मी वर गेले.

तुझी आई वाटी-चमच्यानं बाळाला दूध पाजत होती. मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली. "सिस्टरबाई, जायच्या आधी तुमाला एक सांगायचं व्हतं. तुमी माझ्या लेकीला लई निगुतीनं ठिवलं. मी आत आले तवा कशी पांढरीशुभ्र चादर, केस इंचरलेले. आमच्या येळी गोणपाटबी मिळालं न्हवतं. तिला तसं बगून मनाला लई बरं वाटलं बगा. तेवढंच डोळ्यापुढं ठिवते मी."

जिना उतरून पळून जावं असं वाटलं. मग खाली जमिनीवर बसले आणि सांगितलं. ती चादर पांढरी का होती ते सांगितलं. आधीची, नंतरची, तिसरी. नाडी एकशे बारा होती तेही. केसपेपरवर मी काय लिहिलं तेही. ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा तुझ्यातलं बरंचसं रक्त आधीच गेलेलं होतं, आणि ते जाताना मी तिथंच होते.

बालाजी उठला. माझ्याकडे बघितलं नाही, चप्पल न घालता जिना उतरून गेला. तो अजून माझ्याशी बोललेला नाही, आणि बोलावं असा माझा हक्कही नाही.

तुझी आई दूध पाजत राहिली. वाटी संपली, तोंड पुसलं, बाळाला खांद्यावर घेऊन थोपटलं. मला वाटलं आता शिव्या देईल. मी त्यासाठीच बसून होते.

"मंग आता कसं करायलेत तिथं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. पिशवी, तिच्यावरच्या रेघा, चादरीचं वजन, सही, ती वाचलेली ओडिशाची मुलगी. ती लक्ष देऊन ऐकत होती, मध्ये मध्ये मान हलवत होती.

"मंजी आता समद्या बायांचं मोजतेत?"

"हो. प्रत्येकीचं."

"त्या ओडिशाच्या पोरीचंबी?"

"तिचंही. लिहून ठेवलंय."

बाळाला खांद्यावरून मांडीवर घेतलं. मग अगदी साध्या आवाजात, बाळाचं वजन विचारावं तसं, तिनं मला विचारलं, "मंग माझ्या उज्ज्वलाचं किती भरलं व्हतं?"

सगळ्यांचं मला माहीत आहे, उज्ज्वला. गेल्या दोन आठवड्यांतल्या एकूण एक बाईचा आकडा मी तोंडपाठ सांगेन. तुझा कुठेच नाही. केसपेपरवर नाही, समितीच्या कागदावर नाही, कधीच कुणाला कळणार नाही.

"ते मी धुवायला टाकलं, सुमनताई," मी म्हटलं.